पोक्त म्हणू नका तिला: कृष्णवर्णीय मुलींच्या वयात येण्याचे चित्रपट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवता आणि शनिवारी दुपारी अकरावी-बारावीच्या मुलींना चित्रपट दाखवता. नासात काम केलेल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांवरचा चित्रपट संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या बायका आमच्याएवढ्या होत्या तेव्हा कशा होत्या?" त्यावरून तुम्हाला कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलींचे, त्यांच्या वयात येण्याचे चित्रपट लावावेसे वाटले. कुणीतरी 'प्रेशस'पासून सुरुवात करा म्हणालं. तर सुरुवात कुठून करावी, पुढे काय लावावं आणि नंतर मुलींशी बोलावं कसं, असं तुम्ही विचारलंय.

'प्रेशस'पासून सुरुवात करू नका.

मी वीस-बावीस वर्षं चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते आहे, त्यातली बरीचशी कॉलेजच्या मुलामुलींसाठी, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. ली डॅनियल्सचा हा २००९ चा चित्रपट. काळ १९८७ चा, जागा न्यूयॉर्कमधलं हार्लेम. सोळा वर्षांची प्रेशस बापाच्या अत्याचारातून दुसऱ्यांदा गरोदर आहे, आई घरात मारते, घालूनपाडून बोलते, मुलीला धड वाचता येत नाही. आईच्या भूमिकेसाठी मोनिकला ऑस्कर मिळालं. जेफ्री फ्लेचरला पटकथेसाठी मिळालं, आणि पटकथेचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. चित्रपटाची ताकद वादातीत आहे. पण माझ्या वर्गात तो पहिलाच लावला तेव्हा दिवे लागल्यावर मुली एकमेकींकडे बघेनात. बऱ्याच वेळानं एकीनं विचारलं, "यांच्यात सगळ्यांच्या घरी असंच असतं का हो?" दोष तिचा नव्हता. मी कृष्णवर्णीय मुलींची पहिली ओळखच अशी करून दिली होती. त्यानंतर लावलेले तीन चित्रपट त्या मुली त्याच नजरेनं बघत राहिल्या. पडद्यावरची मुलगी हसली की या अंग चोरून बसायच्या, आता मार कधी बसणार याची वाट बघत.

मग सुरुवात कुठून करायची, हे ठरवायला मला एका शब्दानं मदत केली. आपल्याकडे मुलीचं कौतुक करताना 'किती पोक्त आहे!' असं म्हणतात. बारा वर्षांची पोर धाकट्याला आंघोळ घालते, कुकर लावते, पाहुणे आले की न सांगता चहा टाकते, आणि आत्या-मावश्या तिला पोक्त म्हणतात. मुलगी सुखावते. मग तिनं रडायचं, हट्ट करायचा, चुकायचं हेही हळूहळू बंद होतं, कारण पोक्त मुलींनी तसं करायचं नसतं.

आता या शब्दातलं कौतुक काढून घ्या आणि नुसता संशय ठेवा. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या कायदा विभागानं एक अहवाल काढला. अमेरिकेतल्या प्रौढांना मुलींविषयी प्रश्न विचारले, त्यातून असं दिसलं की अगदी पाच वर्षांच्या वयापासून कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा मोठ्यांना जास्त जाणत्या वाटतात. त्यांना मायेची गरज कमी, सांभाळून घेण्याची गरज कमी, जवळ घेऊन समजूत काढण्याची गरज कमी, असं मोठी माणसं धरून चालतात. मोठ्यांच्या गोष्टी, शरीरसंबंधांच्या गोष्टी त्यांना आधीच कळतात, असंही. शाळेत या मुलींना होणाऱ्या कडक शिक्षांच्या मुळाशी ही समजूत असू शकते, असं अहवालानं मांडलं.

म्हणून हे चित्रपट नेहमीच्या 'वयात येण्याच्या' चित्रपटांसारखे चालत नाहीत. नेहमीच्या गोष्टीत पोर हळूहळू मोठ्यांच्या जगात पाऊल टाकतं, ठेच लागते, शहाणं होतं. इथे जगानं मुलीला आधीच मोठी ठरवून टाकलेलं असतं. तिची धडपड उलट्या बाजूनं असते: जरा वेळ मला मुलगी राहू द्या. चांगला दिग्दर्शक तिला तो वेळ पडद्यावर देतो. मी चित्रपट निवडताना एवढंच बघते की तिला तो वेळ कुठे आणि किती मिळाला.

एक शब्दाचं सांगून टाकते, कारण वर्गात तो प्रश्न येणारच. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये त्या स्वतःला 'ब्लॅक' म्हणवतात, ताठ मानेनं. मराठीत 'काळी' म्हटलं की आपल्या कानात स्थळं बघण्याचे कार्यक्रम आणि 'रंग थोडा कमी आहे' हे वाक्य वाजतं. म्हणून मी लिहिताना कृष्णवर्णीय लिहिते. पण वर्गात एखादी मुलगी 'काळी' म्हणाली तर तिला अडवू नका. ती हळूच आपल्याच रंगाविषयी बोलत असते, असा माझा अनुभव आहे. पाच मिनिटं थांबलात तर पुढचं वाक्य येतं.

पहिला चित्रपट 'द फिट्स' लावा. अ‍ॅना रोझ होल्मरचा, २०१५ चा, अवघा ७२ मिनिटांचा. संवाद फार कमी आहेत, त्यामुळे उच्चार आणि सबटायटल यांत मुली अडकत नाहीत. पहिल्याच दृश्यात अकरा वर्षांची टोनी पोटाचे व्यायाम करते आहे. ती उठते तेव्हा चेहरा फ्रेममध्ये येतो, खाली जाते तेव्हा फ्रेम रिकामी, आणि आकडे मोजण्याचा आवाज. पुन्हा चेहरा, पुन्हा रिकामं. दरवेळी ती सरळ आपल्याकडे बघते. तिचा भाऊ मुष्टियुद्धाच्या जिममध्ये काम करतो, ती त्याच्याबरोबर तिथे सराव करते, आणि त्याच इमारतीत वरच्या वयाच्या मुलींचं नृत्यपथक आहे. टोनी दाराच्या काचेतून त्यांच्याकडे बघते. मग पथकात जाते, कान टोचून घेते, नखांना चकाकणारं पॉलिश लावते. आणि पथकातल्या मुलींना एकेक करून झटके यायला लागतात. आधी मोठ्या मुलींना, मग लहानांना. पाण्यामुळे असेल, असं मोठी माणसं म्हणतात. मुलींमध्ये मात्र ज्यांना झटका येऊन गेला आणि ज्यांना अजून आला नाही अशा दोन फळ्या पडतात.

हे झटके म्हणजे काय, हे चित्रपट सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. माझ्या वर्गात एक मुलगी लगेच म्हणाली, "पाळीसारखं आहे हे, कुणाला आली कुणाला नाही." दुसरी म्हणाली, "नाही, ग्रुपमध्ये शिरण्यासारखं." अर्धा तास चालली होती चर्चा, मी गप्प. यातल्या बहुतेक मुली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या 'क्यू-किड्झ' नावाच्या खऱ्या नृत्यपथकातल्या आहेत. टोनी झालेली रॉयल्टी हायटावरसुद्धा. दिग्दर्शिका गोरी आहे. पटकथेत तिच्याबरोबर असलेली आणि संकलन करणारी सेला डेव्हिस कृष्णवर्णीय आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या शनिवारी 'रॉक्स'. तुमच्या मुलींसाठी एकच चित्रपट निवड म्हणालात तर मी हाच निवडेन. दिग्दर्शिका सारा गॅव्ह्रन, लेखन थेरेसा इकोको आणि क्लेअर विल्सन यांचं, २०१९ चा, पूर्व लंडनमधला. शोला नावाची मुलगी, मैत्रिणींत तिला रॉक्स म्हणतात. एक दिवस शाळेतून घरी येते तर आई गेलेली, मागे चिठ्ठी आणि थोडे पैसे. लहान भाऊ इमॅन्युएल तिच्या गळ्यात. सरकारी बालकल्याणवाल्यांना कळलं तर दोघांची ताटातूट होईल, म्हणून ती कुणालाच सांगत नाही आणि भावाला घेऊन या घरातून त्या घरात लपत फिरते. पोक्त म्हणजे काय, हे याहून उघडं करून कुणी दाखवलेलं मी पाहिलं नाही. भावाचा डबा, भावाचे कपडे, भावाची झोप, सगळं तिच्यावर. कुणी काही विचारलं की 'आम्ही ठीक आहोत'.

तरीही हा चित्रपट रडका नाही, आणि ते कसं जमलं हे बघण्यासारखं आहे. शाळेत स्वयंपाकाचा तास चालू आहे आणि मुली एकमेकींवर पीठ-बीठ फेकायला लागतात. टेबलं, केस, गणवेश, सगळं पांढरं. कॅमेरा त्यांच्यामधोमध आहे. त्या दोन-तीन मिनिटांत रॉक्स कुणाची आई नसते. ती खिदळते, ओरडते, बाई येतील म्हणून पळते. गोष्ट पुढे न्यायला या दृश्याची गरज नाही. कुणी कडक संकलक असता तर त्यानं कापलं असतं. ते ठेवलंय म्हणून पुढे ती भावाला घेऊन रात्री रस्त्यावर उभी राहते तेव्हा तिचं काय हिरावलं गेलंय ते आपल्याला माहीत असतं.

हे आपोआप घडलेलं नाही. चित्रपटाच्या मंडळींनी शाळांत आणि युवा केंद्रांत जाऊन मुलींबरोबर कितीतरी महिने कार्यशाळा घेतल्या. त्यातूनच कलाकार निवडल्या आणि त्यांच्या बोलण्यातून, भांडणांतून गोष्ट वाढवली. रॉक्स झालेली बकी बक्रे यापूर्वी कॅमेऱ्यासमोर कधी उभीच राहिली नव्हती. २०२१ मध्ये तिला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांतलं उगवत्या कलाकाराचं पारितोषिक मिळालं, आणि पात्रनिवडीसाठीचं बाफ्टाही याच चित्रपटाला. मधेमधे मुलींनी फोनवर घेतलेली चित्रं येतात. उभी, हलणारी. ती आली की तुमच्या मुली पुढे सरकून बसतील, बघाच.

शेवटाबद्दल बोलायला वेळ राखून ठेवा. मैत्रिणी रॉक्सला आगगाडीनं समुद्रकाठच्या हेस्टिंग्जला घेऊन जातात, कारण इमॅन्युएल आता तिथे दुसऱ्या कुटुंबात आहे. ती त्याला लांबून बघते. तो इतर मुलांबरोबर खेळतोय. ती हाक मारत नाही. माझ्या वर्गात यावर मुलींचे तट पडले होते. हाक मारायला हवी होती म्हणणाऱ्या बहुतेक जणी घरात थोरल्या होत्या.

तिसरा चित्रपट फ्रेंच आहे. मूळ नाव 'बांद द फिय', म्हणजे मुलींची टोळी. इंग्रजीत 'गर्लहूड'. सेलिन सियामाचा, २०१४ चा. पॅरिसच्या बाहेरच्या उंच उंच इमारतींच्या वसाहतीत राहणारी सोळा वर्षांची मारिएम, आई साफसफाईच्या कामावर, घरात भावाचा धाक. हा लावण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण बघा. शेवटच्या भागात अमली पदार्थ आहेत, एक जवळिकीचा प्रसंग आहे, मारामारी आहे. तुमच्या मुलींचं वय आणि कॉलेजचं वातावरण तुम्हाला जास्त माहीत. पूर्ण लावणं जमत नसेल तर तीन तुकडे दाखवा.

पहिला अगदी सुरुवातीचा. रात्रीचं मैदान, हेल्मेट घातलेले खेळाडू अमेरिकन फुटबॉल खेळतायत, एकमेकांवर आदळतायत. हेल्मेट निघाल्यावर कळतं, सगळ्या मुली आहेत. मग त्या घोळक्यानं घरी निघतात, सगळ्या एकदम बोलतायत, शब्द कळत नाहीत इतका गलका. वसाहत जवळ येते. कठड्यांवर, जिन्यांवर मुलगे बसलेत. आणि गलका आपोआप खाली येतो. कुणी 'गप्प बसा' म्हणत नाही. एकेक मुलगी वाटेत गळत जाते, आवाज कमी कमी होतो, शेवटी मारिएम एकटी चालते आहे आणि फक्त पावलं ऐकू येतात. हा तुकडा दाखवून मी एकही प्रश्न विचारत नाही, कारण एसटी स्टँडवरून रोज जाणाऱ्या मुलींना तो विचारावा लागत नाही.

दुसरा तुकडा शाळेतला. मारिएमला पुढच्या नेहमीच्या शिक्षणाला प्रवेश मिळणार नाही, काहीतरी धंदेशिक्षण घे, असं तिला सांगितलं जातंय. सांगणारी बाई पडद्यावर दिसतच नाही. कॅमेरा अख्खा वेळ मारिएमच्या चेहऱ्यावर. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हा तुकडा आधी एकट्यानं बघा. आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो ते मला तो बघताना जाणवलं होतं.

तिसरा तुकडा हॉटेलच्या खोलीतला. चार मैत्रिणींनी पैसे जमवून एका रात्रीसाठी खोली घेतलीय. दुकानातून उचललेले झगे घातलेत, त्यांना चोरी पकडणारी टॅग अजून लटकतायत. निळा प्रकाश, रिहानाचं 'डायमंड्स', आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वाजतं. आधी तिघी नाचतात आणि मारिएम पलंगावर बसून नुसती बघते. मग उठते. प्रेक्षक म्हणून पुरुष नाहीत, गोरे नाहीत, आई नाही, भाऊ नाही. उचलेगिरी बरोबर की चूक यावर मुली बोलतील, बोलू द्या, पण त्या टॅगकडेही लक्ष वेधा: या मुलींना जे हवंय ते त्यांच्या अंगावर आहे, त्यांच्या मालकीचं मात्र नाही.

सियामा गोरी आहे. हा चित्रपट आला तेव्हा फ्रान्समधल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी आक्षेप घेतला की आमच्याबद्दलचा चित्रपट पुन्हा एकदा दुसऱ्यांनीच केला, आणि त्यात पुन्हा वस्ती, मारामारी, धाक तेवढंच आलं. हा आक्षेप मला निम्मा पटतो. शेवटचा अर्धा तास मला घाईचा आणि ऐकीव वाटतो. पण त्या चालण्याच्या आणि नाचण्याच्या दृश्यांत ज्या प्रेमानं या मुलींकडे पाहिलंय ते नाकारता येत नाही. आक्षेप आणि दृश्यं दोन्ही मुलींसमोर ठेवा. 'द फिट्स' आणि 'रॉक्स'च्या दिग्दर्शिकाही गोऱ्या होत्या. त्यांनी लेखनात, संकलनात, कार्यशाळांत त्या मुलींना आणि कृष्णवर्णीय लेखिकांना आत घेतलं होतं, तो फरक मुलींना स्वतः हेरू द्या. आणि मग हा प्रश्न आपोआप येईल: मग कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतः केलेले चित्रपट कुठायत?

आहेत, फार चांगले आहेत. लोकांपर्यंत पोचताना मात्र त्यांची दमछाक झाली.

लेस्ली हॅरिसचा 'जस्ट अनदर गर्ल ऑन द आय.आर.टी.' घ्या. आय.आर.टी. म्हणजे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची एक जुनी कंपनी, आणि तिच्या नावानं ओळखले जाणारे मार्ग. ब्रुकलिनची सतरा वर्षांची शँटेल, फटकळ, हुशार, डॉक्टर व्हायचंय, शाळा लवकर संपवायचीय. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलते आणि तुम्ही तिला रस्त्यावर बघून जे ठरवलंत ते विसरा असं सुनावते. मग दिवस जातात आणि सगळं बोलणं बंद पडतं. १७ दिवसांत चित्रीकरण उरकलेला हा चित्रपट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक घेऊन आला. त्यानंतर कितीतरी वर्षं हॅरिसला पुढच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पैसे उभे करता आले नाहीत. त्याच महोत्सवांतून नाव झालेल्या तिच्या पिढीतल्या पुरुषांचे किती चित्रपट आले, हे मोजलं की मला आजही राग येतो. अयोका चेंझिराचा 'आल्माज रेनबो' तर १९९४ मध्ये जेमतेम दिसला आणि गेला. ब्रुकलिनमध्ये घरातच ब्यूटी पार्लर चालवणारी करारी आई, वयात येणारी मुलगी रेनबो, आणि पॅरिसहून अचानक परत आलेली झगमगीत मावशी. हसरा, रंगीत, मोकळा चित्रपट. २०२२ मध्ये तो नव्यानं दुरुस्त करून पुन्हा आणला, तेव्हा मी पाहिला. माझ्या उमेदीच्या काळात हा पाहायला मिळाला असता तर माझा तो वर्ग 'प्रेशस'नं सुरू झाला नसता.

आता माझा सगळ्यात आवडता. डी रीसचा 'परायाह', २०११ चा. इंग्रजीतल्या या शब्दाचा अर्थ समाजानं बाहेर टाकलेला, आणि तो इंग्रजीत गेला तो आपल्या बाजूनं: तमिळ 'पराईयर' या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या नावावरून, आणि ते नाव 'परई' नावाच्या चामड्याच्या वाद्याशी जोडलेलं. ब्रुकलिनच्या मुलीच्या चित्रपटाचं नाव आपल्या जातिव्यवस्थेनं पुरवलंय, हे मी वर्गात सांगते तेव्हा खोली शांत होते.

सतरा वर्षांची आलिके कविता लिहिते, वर्गात हुशार आहे, आणि तिला मुली आवडतात. सुरुवातीचं दृश्य क्लबमधलं, मोठ्यांसाठीचं आहे, भाषाही तशी. म्हणून अल्पवयीन मुलींना मी पूर्ण चित्रपट दाखवत नाही, निवडक दृश्यं दाखवते. तुम्ही मात्र पूर्ण बघाच.

बसमधलं दृश्य दाखवा. क्लबमधून परत निघालेली आलिके मैत्रीण उतरल्यावर बसमध्ये एकटी उरते. टोपी काढते. डोक्याला बांधलेलं फडकं काढते. सैल, मुलग्यांसारखा शर्ट काढते, आत मुलींचा टी-शर्ट आहे. मग कानात डूल घालते. बाहेरचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकतायत. एक शब्द नाही. आईला हवी असलेली मुलगी ती घर येण्याआधी अंगावर चढवते आहे, आणि चेहऱ्यावर भीतीपेक्षा थकवा जास्त आहे. हे दृश्य संपल्यावर एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मी एसटीत उलटं करते. गाव सुटलं की ओढणी पिशवीत." कुणी हसलं नाही. नंतर तीन-चार जणींनी आपापल्या पिशव्यांतलं सांगितलं.

हा प्रकाश कसा केलाय तेही बघायला सांगा. छायाचित्रकार ब्रॅडफर्ड यंग, त्याला या कामासाठी सनडान्सचं पारितोषिक मिळालं. आलिके जिथे जाते तिथला रंग तिच्या त्वचेवर चढतो: क्लबमध्ये गुलाबी-जांभळा, घरात वेगळा, आणि तिची गडद त्वचा प्रत्येक वेळी उजळून दिसते, तिला गोरं न करता. हे सोपं नव्हतं. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला एक नमुना कार्ड असायचं, त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर आला. त्यात गडद चेहरा नुसता डोळे आणि दात होऊन जायचा. तुमच्या मुलींना सांगा, घरी जाऊन आईच्या लग्नाचा अल्बम काढा आणि नवरीचा हात आणि चेहरा यांचा रंग एक आहे का बघा.

या चित्रपटातली आई, किम वेयन्सनं केलेली, खलनायिका वाटेल. तिला तसं सोडू नका. नवरा घरात असून नसल्यासारखा, कामावर सोबतिणी जेवायला बोलवत नाहीत, आणि मुलगी हातातून निसटतेय. मुलीला 'चांगली संगत' लागावी म्हणून तीच चर्चमधल्या ओळखीच्या घरची मुलगी घरी आणते, आणि आलिकेचं पहिलं प्रेम आणि पहिला नकार दोन्ही तिथूनच येतात. शेवटी घर सोडून गेलेल्या आलिकेला बाप समजावून न्यायला येतो तेव्हा ती सांगते की मी पळून जात नाहीये, मी निवडते आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, या चित्रपटाची निवड झाली.

कासी लेमन्सचा १९९७ चा 'ईव्ह्ज बायू' आधी तुमच्यासाठी. १९६२ चं लुइझियाना, प्रतिष्ठित डॉक्टर बाप, दहा वर्षांची ईव्ह आणि चौदा वर्षांची सिसिली. ज्या उन्हाळ्यात मी बापाला मारलं तेव्हा मी दहा वर्षांची होते, अशा अर्थाच्या वाक्यानं सुरुवात होते. बाप आणि थोरली मुलगी यांच्यात एका वादळी रात्री काय घडलं, ते दोनदा दाखवलंय, दोन वेगळ्या तोंडून, आणि निकाल दिलेला नाही. मुलींना हा दाखवायचाच असेल तर समुपदेशक बाई खोलीत हव्यात, हे माझं ठाम मत आहे. कुणाच्या तरी मनातलं वर येऊ शकतं. चित्रपट म्हणून मात्र असा दुसरा नाही. दलदलीचं पाणी, भविष्य दिसणारी आत्या मोझेल, आणि आठवण म्हणजे निवडून ठेवलेली चित्रं हे पडद्यावर खरं करून दाखवलंय.

स्पाइक ली आणि त्याच्या भावंडांनी लिहिलेला 'क्रुकलिन' (१९९४) हवा असेल तर एक सूचना. छोटी ट्रॉय ब्रुकलिनमधून दक्षिणेत नातेवाइकांकडे राहायला जाते तेव्हा चित्र अचानक उभं ताणल्यासारखं, चिंचोळं दिसायला लागतं. प्रोजेक्टर बिघडलेला नाही. परक्या घरात तिला कसं दाटून आलंय ते दाखवायला मुद्दाम केलंय. तिथल्या चित्रपटगृहांना तेव्हा प्रेक्षकांसाठी पाट्या लावाव्या लागल्या होत्या. 'द हेट यू गिव्ह' आणि 'लव्ह अँड बास्केटबॉल' मुली आपापल्या बघतील, त्यासाठी शनिवार खर्च करू नका. मैमूना दूकुरेच्या 'मिन्योन'बद्दल कुणीतरी विचारेल. तो अकरा वर्षांच्या मुलीचा आहे आणि जाहिरातीवरून मोठा गदारोळ झाला होता. तो मुलींच्या वर्गात लावू नका, मोठ्यांनी बघून मोठ्यांनी त्यावर बोलावं.

बोलण्याची पद्धत विचारलीत. 'यातून काय शिकलात' हा प्रश्न टाळा, त्याला फक्त शहाणी उत्तरं येतात. मी एक कागद देते आणि सांगते: ती पडद्यावर एकटी, कुणासाठी काहीही न करता, किती वेळा दिसते ते खुणा करून मोजा. 'रॉक्स'मध्ये मुलींना मोजायला फार थोडं सापडतं, आणि खुणा मोजता मोजता त्या आपल्या दिवसातल्या तशा खुणा मोजायला लागतात. दुसरं, 'आपल्याकडेही असंच असतं' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत आलं तर थोडं थांबवून ठेवा. त्या मुलीच्या शहराचं, तिच्या रंगाच्या इतिहासाचं वेगळेपण आधी समजून घेऊ द्या. एसटीतली ओढणी नंतर येतेच, आणि तेव्हा ती जास्त खरी असते.

शेवटच्या शनिवारी 'मिस जूनटीन्थ' लावा आणि त्या दिवशी आयांना बोलवा. चॅनिंग गॉडफ्री पीपल्सचा, २०२० चा. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गुलामांना आपण मुक्त झाल्याचं कळलं, त्या दिवसाच्या नावानं होणारी सौंदर्यस्पर्धा, जिच्या विजेतीला कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. आई टर्क्वॉइज ही स्पर्धा एकेकाळी जिंकलेली, पण शिक्षण राहून गेलं, आता बारमध्ये काम करते. तिला आपल्या किशोरवयीन मुलीला, 'काय' नाव तिचं, तिथे उभं करायचंय. मुलीला मात्र नाचायचंय. आईनं निवडलेली कविता मुलगी शेवटी म्हणते, पण आपल्या पद्धतीनं, नाचत. आया आणि मुली शेजारी शेजारी बसवू नका. आया पुढे, मुली मागे बसू देत, म्हणजे दोघींनाही मोकळेपणी डोळे पुसता येतात. चित्रपट पावणेदोन तासांचा आहे. दोनला सुरू केलात तर चहा आणि बोलणं धरून साडेचारच्या आत सगळ्यांना गाडी गाठता येईल.